पंचावन्न शब्दांवर थांबलेले लेख : वेब फीडचा एक इतिहास

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "अगं, तुझ्या त्या जुन्या इंटरनेटच्या अभ्यासाला उपयोगी पडेल असं एक मशीन माळ्यावर पडलंय. नेतेस का? नाहीतर रविवारी भंगारवाला नेईल." काका बँकेतून निवृत्त झालेले. २००६ ते २०१० या काळात ते मराठी ब्लॉग अक्षरशः वर्तमानपत्रासारखे वाचायचे. घरी इंटरनेट मोजून वापरायचं असल्यामुळे सकाळी दहा मिनिटं जोडायचं, सगळं उतरवून घ्यायचं आणि मग दिवसभर जोडणी नसताना वाचत बसायचं, अशी त्यांची पद्धत. हे काम करणारा फीड रीडर नावाचा एक प्रोग्रॅम त्या कॉम्प्युटरवर होता. हार्ड डिस्क सुरू झाली हेच नवल. त्याहून मोठं नवल म्हणजे त्या फीड रीडरची सगळी साठवण जशीच्या तशी होती. एकतीस मराठी ब्लॉग. त्यातले निम्म्याहून जास्त आज वेबवर कुठेही नाहीत.

त्यातला एक ब्लॉग भटकंती आणि रानभाज्यांवरचा होता. लिहिणाऱ्या बाईंचं नाव सांगत नाही. डोमेनचे पैसे भरायचे राहिले आणि साइट गेली, इतकीच त्याच्या मरणाची कहाणी. काकांच्या डिस्कवर त्यातले जुलै २००८ पर्यंतचे सतरा लेख पूर्ण आहेत. फोटो नाहीत, पण मजकूर अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. त्यानंतरचे सगळे लेख मात्र अर्धवट. अर्धवट म्हणजे किती? मी मोजले. प्रत्येक लेख बरोबर पंचावन्न शब्दांवर थांबतो आणि पुढे चौकोनी कंसात तीन टिंबं येतात. देवराईत शिरणारी पायवाट सुरू होते, डावीकडे ओढा लागतो, आणि [...].

पंचावन्न हा आकडा योगायोगाचा नाही. वर्डप्रेस आपण होऊन लेखाचा जो उतारा काढतं, तो मुळात ५५ शब्दांचाच असतो. सेटिंग्जमध्ये एक साधा प्रश्न असतो: फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा की सारांश? २००८ च्या जुलैत कधीतरी त्या बाईंनी पहिल्या गोलावरचं टिंब दुसऱ्या गोलावर नेलं. का नेलं असेल, याचा शोध घेता घेता मला फीडचा सगळा इतिहास पुन्हा वाचावा लागला. आजचा लेख त्याबद्दल आहे.

ज्यांनी फीड कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फीड म्हणजे वेबसाइटने स्वतःबद्दल लिहिलेली, यंत्राला वाचता येईल अशी एक छोटी यादी. ताजे दहा-पंधरा लेख, प्रत्येकाचा मथळा, लिंक, तारीख, आणि सारांश किंवा पूर्ण मजकूर. तुमचा फीड रीडर दर तासा-दोन तासांनी जाऊन विचारतो, "मागच्या वेळेनंतर काही नवं?" सर्व्हर नीट बसवलेला असेल तर नवं काही नसताना तो फक्त "३०४" हा आकडा परत पाठवतो. म्हणजे "काही बदललेलं नाही, जा." सगळं यंत्र एवढंच आहे. या यादीचे दोन मुख्य प्रकार, आरएसएस आणि ॲटम. (घरी मी पहिल्यांदा "माझं काम आरएसएसवर आहे" असं सांगितलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवून चष्म्यातून माझ्याकडे बघितलं होतं. तेव्हापासून मी फीड हाच शब्द वापरते.)

ही यादी वाचतं कोण? दोघं. एक माणूस, आपल्या रीडरमधून. आणि दुसरं सर्च इंजिनचं यंत्र, जे नवी पानं कुठे उगवली हे शोधत फिरत असतं. फाईल एकच, पण दोघांना तिच्यातून हवं ते वेगळं. माझ्या मते फीडबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत जे जे वाद झाले, त्यातले बरेचसे या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

सुरुवात कुठून धरायची यावर मतभेद आहेत. मी रामनाथन गुहा यांच्यापासून धरते. आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, पुढे स्टॅनफर्डमध्ये पीएच.डी., आणि माणसाचं सर्वसाधारण ज्ञान यंत्राला शिकवू पाहणाऱ्या सायक प्रकल्पात काही वर्षं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ॲपलमध्ये असताना त्यांनी मेटा कंटेंट फ्रेमवर्क नावाची एक पद्धत आखली. कल्पना अशी की वेबसाइटमध्ये काय आहे याचं वर्णन मजकुरापासून वेगळं, यंत्राला कळेल अशा भाषेत लिहावं. १९९७ मध्ये ते नेटस्केपमध्ये गेले. तिथे डॅन लिब्बी आणि गुहा यांच्या कामातून १५ मार्च १९९९ ला आरएसएसची ०.९० ही पहिली आवृत्ती आली.

ती कशासाठी होती हे महत्त्वाचं आहे. माय नेटस्केप नावाचं एक पोर्टल होतं. त्याच्या पानावर तुम्ही तुम्हाला आवडणाऱ्या साइट्सचे चौकोन मांडायचे, आणि प्रत्येक चौकोनात त्या साइटचे ताजे मथळे दिसायचे. मथळ्यावर टिचकी मारली की मूळ साइटवर. त्याच वर्षी जुलैत आलेल्या ०.९१ आवृत्तीत तर मापंच ठरवून दिलेली होती. यादीत जास्तीत जास्त १५ नोंदी, मथळा १०० अक्षरांचा, वर्णन ५०० अक्षरांचं. म्हणजे जन्माच्या वेळी फीड हे दुकानाबाहेरच्या पाटीसारखं होतं. माल आत.

नावातही हे दिसतं. आरएसएसची तीन वेगवेगळी पूर्ण रूपं आहेत. आधी आरडीएफ साइट समरी, मग रिच साइट समरी, आणि शेवटी रिअली सिंपल सिंडिकेशन. पहिल्या दोन्हींत "समरी" आहे, सारांश. तिसऱ्यात तो शब्द गेला आणि सिंडिकेशन आलं, म्हणजे मजकूर वाटून देणं. माझ्या गाइडना हा शब्दच्छल वाटतो, पण मला नाही वाटत. नाव बदललं तेव्हा कामही बदललेलं होतं.

ते बदलण्यात डेव्ह वाइनर यांचा हात मोठा. ते स्वतः रोज लिहिणारे. डिसेंबर १९९७ मध्येच त्यांनी आपल्या लिखाणासाठी एक्सएमएलमधला एक साधा साचा केला होता, आणि त्यातल्या काही गोष्टी ०.९१ मध्ये घेतल्या गेल्या. पोर्टलवाल्याला चौकोन भरायला मथळे पुरतात, लिहिणाऱ्याला मात्र आपला परिच्छेद वाचकापर्यंत जायला हवा असतो. दरम्यान एओएलने नेटस्केप विकत घेतलं, आणि २००१ च्या एप्रिलमध्ये माय नेटस्केपवरून आरएसएसचा आधार, त्याची कागदपत्रं आणि साधनं सगळं काढून टाकलं. मूल रस्त्यावर आलं. पण तोवर ते चालायला शिकलं होतं.

यानंतरची भाऊबंदकी मी थोडक्यात उरकते, कारण तिच्यात रस घेणारे लोक वेगळेच असतात. डिसेंबर २००० मध्ये एका गटाने आरएसएस १.० आणलं, ज्यात गुहा होते आणि चौदा वर्षांचा आरन स्वार्ट्झही होता. त्याच महिन्यात वाइनर यांनी ०.९२ आणलं. मापांच्या मर्यादा त्यात उठल्या, आणि ध्वनिफाईल जोडायची सोयही आली. आजचं सगळं पॉडकास्टचं जग त्या एका सोयीवर उभं आहे. सप्टेंबर २००२ मध्ये वाइनर यांचंच २.०. मग २००३ पासून या सगळ्याला कंटाळलेल्या लोकांनी ॲटम घडवायला घेतलं आणि डिसेंबर २००५ मध्ये ते आरएफसी ४२८७ म्हणून प्रसिद्ध झालं.

या भांडणातून आपल्या कामाची एकच गोष्ट उचलायची. आरएसएस २.० मध्ये "डिस्क्रिप्शन" नावाचा जो कप्पा आहे, त्यात सारांश ठेवा की अख्खा लेख, दोन्ही चालतं. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कळायला मार्ग नाही की हाताशी आलं ते पान आहे की पाटी. ॲटमने हे दोन कप्पे वेगळे केले: सारांशाचा वेगळा, मजकुराचा वेगळा. दिसायला किरकोळ बदल. पण काकांच्या डिस्कवर ॲटम फीड असतं तर "हा लेख एवढाच होता की कापलेला आहे" हे मला टिंबं न मोजता कळलं असतं.

आता यंत्राकडे वळू. २००२ नंतर ब्लॉग भराभर वाढले आणि नेहमीची सर्च इंजिनं त्यांना गाठू शकेनात. कारण ती आठवड्यांच्या हिशोबाने पानं बघायची आणि ब्लॉग तासांच्या हिशोबाने बदलायचे. यावर उपाय निघाला तो "पिंग". लेख प्रसिद्ध झाला की तुमचं सॉफ्टवेअर वेब्लॉग्ज डॉट कॉमसारख्या एका ठिकाणी हाक देतं, "माझ्याकडे नवं आहे," आणि टेक्नोराती किंवा सप्टेंबर २००५ मध्ये आलेलं गूगलचं ब्लॉग सर्च यांसारखी इंजिनं तिकडून खबर घेऊन तुमचं फीड वाचायला येतात. म्हणजे आता फीडचा पहिला वाचक बहुतेक वेळा माणूस नव्हताच.

यंत्र वाचायला लागलं की यंत्रासाठी लिहिणारे येतातच. पूर्ण मजकुराची फीडं आयती उचलून, त्यावर जाहिराती लावून हजारो बनावट ब्लॉग चालवणारे लोक याच काळातले. त्यांना "स्प्लॉग" असं नावही पडलं होतं. तुमचा लेख चोरीला जायचा, आणि नशीब फुटकं असेल तर शोधात तुमच्या आधी चोराचं पान दिसायचं. मग सल्ले सुरू झाले. फीडमध्ये सारांशच द्या. मथळ्यात लोक शोधतात ते शब्द घाला. वाचकाला पानावर यायला भाग पाडा, म्हणजे जाहिरातही दिसेल आणि मोजणीही होईल. २००४ ते २००८ या काळात पूर्ण फीड की अर्धं फीड हा ब्लॉग लिहिणाऱ्यांच्यातला रोजचा वाद होता. मोजणी हे त्या काळाचं वेडच होतं. २००४ मध्ये सुरू झालेल्या फीडबर्नरने तुमचे वर्गणीदार किती हे सांगणारी छोटी पाटी दिली, आणि ती सगळ्यांनी आपापल्या ब्लॉगवर मिरवली. २००७ मध्ये गूगलने फीडबर्नर विकत घेतलं.

चोरीची भीती खरी होती, हे मान्य. पण फीड कापलं की सर्च इंजिन खूष होतं, हा जो समज पसरला त्याला तांत्रिक आधार मला सापडत नाही. सर्च इंजिनला फीडमधून हवं असतं ते लेखाचा पत्ता आणि तारीख. मजकूर ते पानावर जाऊन स्वतः वाचतं. गूगलने २००९ मध्ये उघड सांगितलं की नवे पत्ते शोधायला आम्ही फीडं वापरतो. २०१४ मध्ये तर त्यांचा सल्ला अगदी स्वच्छ होता: साइटमॅप द्या आणि फीडही द्या. साइटमॅप म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांची मोठी यादी, एका फाईलीत ५०,००० पत्ते मावतील एवढी. ती अधूनमधून वाचली जाते. फीड म्हणजे नुकतंच काय बदललं याची छोटी यादी, ती वारंवार वाचली जाते. उलट, जे शोध निव्वळ फीडमधल्या मजकुरावर चालायचे, त्यांच्यासाठी कापलेलं फीड म्हणजे कापलेला लेखच. त्या बाईंच्या लेखात छप्पन्नाव्या शब्दापासून पुढे कुड्याच्या शेंगांची भाजी असेल, तर अशा शोधात ती कुणाला सापडणार?

मराठीत लिहिणाऱ्यांचं आणखी एक दुखणं होतं. इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये त्याचा उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं.

ज्यांनी ब्लॉगरवर मराठीत लिहिलंय त्यांना आठवत असेल. मथळा देवनागरीत दिला की लेखाचा पत्ता व्हायचा "ब्लॉग-पोस्ट", दुसऱ्याला तेच आणि पुढे आकडे. मथळ्यातून पत्ता बनवताना ते सॉफ्टवेअर रोमन नसलेली अक्षरं गाळून टाकायचं, मग उरणार काय? वर्डप्रेस अक्षरं ठेवायचं, पण तिथे गणित आडवं यायचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. आणि पत्त्याच्या या तुकड्याला वर्डप्रेसमध्ये मर्यादा २०० अक्षरांची. भागाकार करून बघा, बावीस चिन्हं. "महाबळेश्वरच्या जंगलातली करवंदं" असा मथळा दिला तर "महाबळेश्वरच्या" ची चौदा, "जंगलातली" ची आठ, संपलं. पत्त्यात करवंदं येतच नाहीत.

त्यामुळे इंग्रजी लेखाचा पत्ता बघून यंत्राला आणि माणसाला जो अंदाज येतो, तो मराठी लेखाच्या बाबतीत येत नाही. मराठी फीडमध्ये मथळा, तारीख आणि मजकूर यांच्यावर जास्त भार पडतो. नेमका मजकूरच कापला तर काय उरलं?

कापण्यातही गंमत असते. वर्डप्रेस शब्द मोजून कापतं, ते त्यातल्या त्यात बरं. काही जुनी साधनं बाइट मोजून कापायची. तीन बाइटच्या अक्षराचे दोनच बाइट आत आले की शेवटी तो काळा प्रश्नचिन्हाचा चौकट. कधी कधी चौकटही दिसत नाही, कारण एक्सएमएलचा नियम फार कडक आहे. फाईलीत एक जरी अवैध बाइट सापडला तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने तिथेच थांबायचं असतं. एका लेखातलं अर्धं "क्ष" अख्खं फीड बंद पाडू शकतं. आणि यूटीएफ-८ च्या आधीचा, ठरावीक फॉन्टवर अवलंबून असलेला मराठी मजकूर तर फीडमधून जाऊच शकत नव्हता. फीडबरोबर अक्षरं जातात, फॉन्ट जात नाही. रीडरमध्ये नुसता रोमन अक्षरांचा आणि खुणांचा काला दिसायचा.

तारखेचं सांगते, कारण तिथे मी स्वतः तोंडावर पडता पडता वाचले. काकांच्या डिस्कवर एका मुंबईकराच्या ब्लॉगवरचा लेख आहे, त्याची फीडमधली वेळ: २६ नोव्हेंबर २००८, २१:३०. म्हणजे दहशतवादी हल्ला सुरू होत होता नेमक्या त्याच वेळी लिहिलेला लेख! मी वहीत उद्गारचिन्ह काढून ठेवलं. मग लेख वाचला, तर त्यात ताज, ओबेरॉय, सीएसटी, रात्रभर चालू असलेली टीव्हीवरची दृश्यं, सगळं होतं. नऊ-साडेनऊला हे कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. फीडमधल्या वेळेच्या शेवटी चार शून्यं होती, म्हणजे वेळ ग्रिनिचची. साडेपाच तास मिळवले की २७ तारखेची पहाटेचे तीन. त्या चार शून्यांवर माझ्या प्रबंधातलं एक पान वाचलं. ज्या फीडांमध्ये तो शेवटचा भाग नसतो, तिथे मी आता तारीख लिहिते आणि वेळ सोडून देते.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र मी वाचले नाही. प्रत्येक नोंदीला फीडमध्ये एक कायमची ओळख असते, जीयूआयडी म्हणतात तिला. रीडर त्यावरूनच ठरवतो की हे आधी पाहिलेलं आहे की नवं. ॲटमच्या नियमात तर स्पष्ट म्हटलंय की साइट हलवली, मजकूर दुसरीकडे नेला, पुन्हा प्रसिद्ध केला, तरी ही ओळख बदलायची नाही. वर्डप्रेसवाले तर बजावून सांगतात की साइट हलवताना डेटाबेसमधल्या या रकान्याला हात लावू नका. दोन वर्षांपूर्वी मी या ब्लॉगचा पत्ता बदलला तेव्हा मोठ्या हुशारीने अख्ख्या डेटाबेसमध्ये "शोधा आणि बदला" चालवलं. तो रकानाही बदलला. दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी काहींच्या रीडरमध्ये माझे दहा जुने लेख नवे म्हणून येऊन पडले. एका काकूंनी ईमेलमध्ये लिहिलं, "तेच तेच किती वेळा वाचायचं गं?" क्षमस्व. फीडचा अभ्यास करणारीने हे करावं म्हणजे स्वयंपाकाच्या बाईने मीठ विसरण्यासारखं.

तर परत त्या पंचावन्न शब्दांकडे.

एक गोष्ट आपण विसरतो. फीड स्वतः फक्त ताज्या दहा-वीस नोंदी दाखवतं, पण फीड वाचणारा प्रोग्रॅम जुन्या नोंदी साठवत जातो. काकांचा रीडर हे घरात करत होता. ७ ऑक्टोबर २००५ ला सुरू झालेलं गूगल रीडर हेच जगभराच्या फीडांसाठी करत होतं. कुणी एकाने जरी एखाद्या ब्लॉगची वर्गणी घेतली की तिथून पुढचे लेख त्यांच्या सर्व्हरवर साठत जायचे, आणि मूळ ब्लॉग बंद पडला तरी तिथे राहायचे. कुणी ठरवून केलेलं नव्हतं, पण ते एक भलंमोठं संग्रहालय झालं होतं. १३ मार्च २०१३ ला गूगलने जाहीर केलं की १ जुलैला रीडर बंद. साडेतीन महिने. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने त्या मुदतीत साठवलेली फीडं जमतील तितकी उतरवून घेतली.

अशा साठ्यांत काय वाचलं आणि काय नाही, हे त्या त्या लेखकाने तेव्हा कुठल्या गोलावर टिंब ठेवलं होतं त्यावर ठरलं. ज्यांनी पूर्ण फीड ठेवलं त्यांचे लेख उरले. ज्यांनी वाचकाला पानावर ओढण्यासाठी फीड कापलं, त्यांचं पान गेल्यावर मागे पहिला परिच्छेद उरला. चोराच्या भीतीने दार लावलं खरं, पण घर पडलं तेव्हा सामान बाहेर काढायलाही वाट नव्हती. यात मी कुणाला दोष देत नाहीये. २००८ मध्ये "माझा ब्लॉग २०२० मध्ये नसेल" असा विचार करून कोण सेटिंग बदलतं?

फीड आज कुठे आहे? ब्राउझरांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. फायरफॉक्सने २०१८ च्या डिसेंबरमध्ये फीड दाखवण्याची सोय काढली. सर्च इंजिनांनी यंत्रासाठी वेगळी भाषा केली: २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग सुरू केलं, ज्यात लेखाचा लेखक, तारीख, विषय हे पानातच यंत्राला कळेल असं लिहायचं असतं. आणि ते उभं करणाऱ्यांमध्ये पुन्हा गुहाच होते, आता गूगलमध्ये. पानाचं वर्णन यंत्रासाठी वेगळं लिहावं ही कल्पना ते ॲपलपासून घेऊन फिरत होते, ती शेवटी यंत्राच्या मालकांच्या घरी रुजली. मला वाटतं यातून फीडची एक प्रकारे सुटकाच झाली. यंत्राला हवं ते द्यायला दुसरी जागा मिळाली, तर फीड पुन्हा माणसासाठी मोकळं. पॉडकास्ट अजून त्यावरच चालतात. आणि मी रोज सकाळी चहाबरोबर आर्काइव्हवरचे, म्हणजे ए-आर-एक्स-आय-व्ही या शोधनिबंधांच्या साठ्यावरचे, नवे निबंध फीडमधूनच बघते. तिथे पूर्ण सारांश येतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर ठरतं की निबंध उघडायचा की नाही. म्हणजे सारांश वाईटच असं नाही. सारांश हा सारांश म्हणून लिहिलेला असला पाहिजे. पंचावन्नाव्या शब्दावर सुरी फिरवली की होतो तो सारांश नव्हे.

त्या रानभाज्यांच्या ब्लॉगवाल्या बाई मला सापडल्या. काकांकडे त्यांचा जुना ईमेल पत्ता होता आणि तो अजून चालू होता. मी विचारलं, जुलै २००८ मध्ये तुम्ही फीडची सेटिंग का बदललीत, आठवतं का? त्यांचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. लिहिलं होतं की तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, असं केलं की गूगलमध्ये वर दिसतं. खरं-खोटं माहीत नव्हतं, करून बघितलं. फार काही फरक पडला नाही, आणि परत बदलायचं राहून गेलं. लेखांची प्रत त्यांच्याकडे नाही. जुना लॅपटॉप मुलाच्या बदलीत कुठेतरी गेला.

शेवटी त्यांनी विचारलं होतं, "देवराईवर लिहिलेलं जे काही आहे तुझ्याकडे, ते पाठवशील का? सुरुवात कशी केली होती तेही आठवत नाही आता."

मी सतरा पूर्ण लेखांची एक फाईल पाठवली, आणि खाली ते पंचावन्न शब्द. ओढ्याच्या पुढे त्या कुठल्या बाजूला वळल्या होत्या, ते आठवलं तर कळवा, असंही लिहिलं आहे.